शाळा 'हरित' ठरते कशी?



'आमची शाळा, हरित शाळा' अशी पाटी तुम्ही कुठे ना कुठे पाहिलीच असेल. फाटकाशी चार कुंड्या, भिंतीवर रंगवलेलं झाड, खाली घोषवाक्य. पण शाळा हरित आहे हे ठरवतं कोण, आणि कशावरून?

आधी माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका मूल्यांकनाचा फॉर्म मी भरत बसले होते. 'शाळेत पाण्याची गळती होते का?' या प्रश्नापुढे मी सरळ 'नाही' लिहिलं. शेजारी उभी असलेली पाचवीतली मुलगी म्हणाली, "बाई, पण टाकीखालचा तिसरा नळ गळतोय की!" मी म्हटलं, "तेवढं चालतं गं." गुण हवे होते ना! ते वाक्य मला अजून टोचतं. परिसर अभ्यासाच्या तासाला मीच त्यांना पाणी जपायला शिकवलं होतं.

नंतर या योजनांची माहिती नीट वाचली. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेचा 'ग्रीन स्कूल्स प्रोग्रॅम' आहे. त्यात हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा या सहा विषयांत शाळेची तपासणी होते. तपासणारे बाहेरचे साहेब नसतात. शाळेतली मुलंच गट करून मोजतात, शिक्षक मदतीला असतात. मिळालेल्या गुणांवरून शाळेला हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग मिळतो. खालच्या रंगातून हिरव्यात आलेल्या शाळांचं वेगळं कौतुक होतं, हे मला फार आवडलं. १९९४ साली युरोपात सुरू झालेल्या 'इको-स्कूल्स' उपक्रमातही मुलांची समिती आधी शाळेची पाहणी करते, मग आराखडा बनवते. त्यात मिळणारा हिरवा झेंडा कायमचा नसतो, ठराविक काळानं पुन्हा पात्र व्हावं लागतं.

म्हणजे दोन्हीकडे कामाची सुरुवात मोजण्यापासून होते. आणि मोजायला पैसे लागत नाहीत हो!

आम्ही त्याच नळापासून सुरुवात केली. एक लिटरची बाटली नळाखाली धरली आणि घड्याळ लावलं. बाटली भरायला बारा मिनिटं लागली. मग गणिताचा तासच झाला. तासाला पाच लिटर, दिवसाला १२० लिटर. वर्गात २४ मुलं. "म्हणजे प्रत्येकाचे पाच लिटर रोज वाया!" हे मुलांनीच काढलं. एकमान पद्धत इतकी मन लावून त्यांनी कधी शिकली नव्हती. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील पाना घेऊन आले आणि वायसर बदलून गेले. पाच मिनिटांचं काम, जे आम्ही कित्येक महिने 'तेवढं चालतं' म्हणून ठेवलं होतं.

पोषण आहाराचंही तसंच. ताटात उरलेलं एका बादलीत गोळा करायचं, ताणकाट्यानं वजन करायचं आणि तारखेसमोर लिहायचं. आठवड्याभरात दिसलं की मुलं भात टाकत नव्हती, घाईघाईत जास्त वाढून घेत होती. मग 'आधी थोडं, हवं तर पुन्हा' असं ठरलं. तरी उरलंच तर ते भाजीच्या सालींबरोबर खताच्या खड्ड्यात जातं.

झाडांच्या बाबतीत मात्र आपण शिक्षक जरा लबाडी करतो, खरं की नाही? पावसाळ्यात किती रोपं लावली याचे फोटो असतात, पण पुढच्या मे महिन्यात किती जगली याची नोंद नसते. काही ठिकाणी तर दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप! फॉर्ममध्ये विचारो न विचारो, जगलेल्या झाडांचा आकडा वहीत वेगळा ठेवाच.

खेड्यातल्या शाळांनी घाबरायचं कारण नाही. आमची बहुतेक मुलं चालत येतात आणि खिडक्या मोठ्या असल्यानं दिवसा दिवे लागत नाहीत. हवा आणि ऊर्जा या दोन विषयांत आपली बाजू मुळातच भक्कम असते. उलट बस, एसी आणि चकचकीत फरशीच्या शाळेला तिथे जास्त मेहनत करावी लागते.

पालकांनो, तुम्हाला एकच विनंती. शाळेत आलात की बक्षिसाची ढाल बघा, जरूर बघा, पण मुलांची नोंदवहीही मागून बघा. तिच्यात लाल शेऱ्याचे, कमी गुणांचे आकडे असले तर रागावू नका.

पुढच्या फॉर्मात मी गळतीपुढे 'होय, एक नळ दुरुस्त केला, मुतारीजवळचा अजून बाकी' असं लिहिलं. गुण कापले गेले. ती मुलगी सहावीला दुसऱ्या शाळेत गेली, जाताना नळाची वही चौथीच्या मुलांच्या हातात देऊन गेली. बाटली कशी धरायची तेही दाखवून गेली.