अपंगत्वाचे टक्के आणि कराची सवलत

कडबाकुट्टीत हात गेलेला बाप, लहानपणी पोलिओने पाय वाळलेला भाऊ, जन्मतः ऐकू न येणारे लेकरू, अशी घरे जुन्नर-आंबेगावच्या गावागावांत आहेत. त्याच घरातला एखादा मुलगा चाकणच्या कारखान्यात किंवा शाळेत नोकरीला असतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून "कराशी आपला काय संबंध?" असे आपण म्हणतो. पण त्या मुलाच्या पगारातून कर कापला जातो, आणि सवलतही त्यालाच मिळू शकते.

ही सवलत डॉक्टरांनी मोजलेल्या टक्क्यांवर मिळते. निदान 40 टक्के अपंगत्व हवे. 80 टक्के व त्यापुढचे ते तीव्र. केंद्र सरकारच्या 2018 च्या मोजणी नियमांत मनगटातून हात गेला तर 60 टक्के धरले होते, एकटा अंगठा मुळातून गेला तर 30. अंगठ्याविना विळा धरता येत नाही, धार काढता येत नाही, हे आपण जाणतो. पण डॉक्टर अवयवाची हानी मोजतात, बुडालेला रोज नव्हे. दोन इजा असतील तर त्या ठरलेल्या सूत्राने एकत्र करतात, नुसती बेरीज करीत नाहीत. म्हणून तपासणीला प्रत्येक इजा दाखवा, लाजेने झाकू नका.

आई, वडील, पती किंवा पत्नी, मुले, भाऊ, बहीण यांपैकी कोणी अपंग असून मुख्यतः त्या नोकरदारावर अवलंबून असेल, तर त्याच्या उत्पन्नातून 75 हजार रुपये वजा होतात. अपंगत्व तीव्र असेल तर 1 लाख 25 हजार. नोकरदार स्वतः अपंग असला तरी आकडे हेच. मात्र ज्या अपंगाने स्वतःच्या करात सवलत घेतली, त्याच्यासाठी घरच्याला ती पुन्हा मिळत नाही.

इथे एक गैरसमज होतो. 75 हजार कर माफ होत नाही, तेवढे उत्पन्न कमी धरले जाते. 20 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह 15,600 रुपये वाचतात. शिवाय ही वजावट जुन्या करपद्धतीतच आहे. नव्या पद्धतीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या पगाराला कर लागत नाही, पण ही वजावटही नाही. दोन्हींचा हिशेब मांडून मगच निवड करा.

कराचा प्रश्न नसला तरी दाखला काढाच. महाराष्ट्राच्या 1975 च्या कायद्यातला व्यवसाय कर पगारातून वर्षाला 2,500 रुपयांपर्यंत कापला जातो. कायमचे अपंगत्व असलेल्या नोकरदाराला आणि अपंग मुलाच्या आईवडिलांना तो माफ आहे. एस. टी. च्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे, तीही 40 टक्क्यांपासूनच.

दाखल्यासाठी सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करतात. आधार कार्ड, फोटो आणि उपचाराचे जुने कागद जवळ ठेवा. अर्जानंतर नेमलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. पुण्याचे जिल्हा रुग्णालय औंधला आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा एकाहून अधिक अपंगत्वे असतील तर आयकरासाठी वेगळा नमुना भरून घ्यावा लागतो. दाखला तात्पुरता असेल तर त्यावरची मुदत पाहा. मुदत संपली की नवा दाखला लागतो.

आपल्याकडे पुष्कळ घरी असा कागद काढतच नाहीत. मुलीच्या लग्नात अडचण येईल, लोक नावे ठेवतील, अशी भीती असते. पण लपवून अपंगत्व कमी होत नाही, हक्क मात्र जातो. नोकरीचा फॉर्म भरायची वेळ आली की मग धावपळ सुरू होते, आणि बैल गेला नि झोपा केला अशी गत होते. या आठवड्यात घरातले जुने कागद एका पिशवीत गोळा करा आणि नोकरीवरच्या मुलाला हा लेख वाचायला द्या.