भाषा शिकायला जर्मनीला, पण राहायचे कोठे?

गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील तरुण-तरुणींचा जर्मन भाषेकडे ओढा वाढला आहे. मुंबई आणि पुणे येथील मॅक्स म्युलर भवनात पायाभूत स्तर पूर्ण करून पुढील स्तर प्रत्यक्ष जर्मनीत शिकावेत, असा विचार अनेक कुटुंबांत होऊ लागला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग ह्या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून ह्या विचाराला अधिकच बळ मिळाले. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल.

परदेशी जाण्याच्या तयारीत अभ्यासक्रमाची फी, व्हिसा, विमानाचे तिकीट ह्या गोष्टींची चर्चा घरोघर होते. राहण्याच्या जागेविषयी मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ असे म्हटले जाते. हेच वाक्य पुढे सर्वांत महाग पडते. म्हणून अभ्यासक्रम जितक्या काळजीने निवडावा, तितक्याच काळजीने जागाही निवडावी, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

विद्यार्थी असूनही विद्यार्थी नाही

जर्मनीत विद्यार्थ्यांसाठी स्वस्त वसतिगृहे आहेत, असे आपण ऐकतो. ते खरेच आहे. तेथे ‘श्टुडिएरेंडेनव्हेर्क’ नावाच्या ५७ विद्यार्थी-कल्याण संस्था असून त्या वसतिगृहे व भोजनालये चालवतात. परंतु ही वसतिगृहे प्रामुख्याने विद्यापीठात रीतसर नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. केवळ भाषा शिकण्यासाठी गेलेला तरुण सहसा त्या यादीत बसत नाही. ज्याचे नाव विद्यापीठात दाखल झालेले आहे, त्यालाही मोठ्या शहरांत अनेक महिने प्रतीक्षायादीत काढावे लागतात. म्हणजे भाषेचा विद्यार्थी हा विद्यापीठाच्या छत्राबाहेर आणि नोकरदाराच्या पगाराविना अशा मधल्या अवस्थेत असतो. घर शोधताना ही जाणीव आधीपासून हवी.

दोन टप्प्यांचा मार्ग

पहिला टप्पा सुरुवातीच्या एक-दोन महिन्यांचा. गोएथे संस्थेसारख्या काही भाषासंस्था आपल्या जर्मनीतील केंद्रांत अभ्यासक्रमाबरोबरच अतिथिगृहातील वा खाजगी घरातील खोलीची सोय करून देतात. ती थोडी महाग असते, पण फसवणुकीची भीती नसते. नगरपालिकांच्या आधाराने चालणाऱ्या ‘फोल्क्सहोखशूले’ ह्या लोकशिक्षण केंद्रांत फी कमी असते. मात्र तेथे बहुधा निवासाची जबाबदारी विद्यार्थ्याचीच असते. फीची तुलना करताना हा फरक हिशेबात धरावा.

दुसरा टप्पा तेथे पोहोचल्यावरचा. आपल्या डोळ्यांनी पाहून दीर्घ मुदतीची खोली घ्यावी. तिकडे तरुण मंडळी बहुधा एक घर वाटून घेतात. प्रत्येकाची खोली स्वतंत्र. स्वयंपाकघर व स्नानगृह सामाईक. ह्याला ‘वोनगेमाइनशाफ्ट’ म्हणतात व संक्षेपाने नुसते ‘वे-गे’. अशा खोल्यांच्या जाहिराती ‘वे-गे गेझुख्ट’ ह्या संकेतस्थळावर येतात. घरातील जुनी मंडळी नव्या उमेदवाराला चहा-कॉफीला बोलावतात, गप्पा मारतात आणि मगच निवड करतात. आपल्याला जर्मन जेमतेम येत असले, तरी पहिला संदेश जर्मनमध्ये आणि स्वतःच्या शब्दांत लिहावा. सर्वांना एकच मजकूर पाठवणाऱ्याला सहसा उत्तर येत नाही.

भाषेच्या विद्यार्थ्याला विशेष उपयोगी पडणारा प्रकार म्हणजे ‘त्सविशेनमिटे’, अर्थात ठराविक महिन्यांपुरते पोटभाड्याने राहणे. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये व उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. साहजिकच फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबर ह्या सुट्ट्यांच्या काळात बरेच विद्यार्थी गावी किंवा कामाच्या अनुभवासाठी अन्यत्र जातात व त्यांच्या खोल्या रिकाम्या होतात. ऑक्टोबरमध्ये मात्र नव्या विद्यार्थ्यांची झुंबड उडते. तेव्हा भाषावर्गाचा महिना निवडण्याची मुभा असेल, तर ऑक्टोबर टाळलेला बरा.

छप्पर पुरेसे नाही, पत्ता हवा

जर्मनीत प्रत्येक रहिवाशाला आपला पत्ता नगरपालिकेच्या कचेरीत नोंदवावा लागतो. ह्या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंदणी करावयाची असते आणि त्यासाठी घर देणाऱ्याने तसा लेखी दाखला द्यावयाचा असतो. पुढे निवास-परवाना काढताना व बहुतेक बँकांत खाते उघडताना हा नोंदलेला पत्ता विचारला जातो. नुसता भाडेकरार दाखवून ही नोंदणी होत नाही.

म्हणून खोली ठरवण्यापूर्वीच एक प्रश्न नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावा : ‘ह्या पत्त्यावर माझी नोंदणी होईल ना?’ स्वस्त खोली मिळाली, पण मालक दाखला देण्यास तयार नाही, तर ती खोली स्वस्त नव्हे. पोटभाड्याने राहताना मूळ भाडेकरूला घरमालकाची अनुमती आहे की नाही, हेही पाहावे.

भाडे वाचावे कसे?

जाहिरातीत दोन आकडे असतात. ‘काल्टमिटे’ म्हणजे ‘थंड भाडे’, अर्थात नुसत्या जागेचे. ‘वार्ममिटे’ म्हणजे ‘उबदार भाडे’. त्यात घर तापवण्याचा व इमारतीच्या देखभालीचा खर्च धरलेला असतो. हिवाळ्यात हा फरक चांगलाच जाणवतो. वीज व इंटरनेट त्यात आहे की वेगळे, हे विचारून घ्यावे. शिवाय दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो इतका सार्वजनिक प्रसारणाचा आकार ऑगस्ट २०२१ पासून ठरलेला आहे. तो घरटी एकदाच असतो. एकत्र राहणारे तो वाटून घेऊ शकतात.

अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘थंड भाड्या’इतकी घेता येते व ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे. दलालाविषयीही नियम आहे : जून २०१५ पासून भाड्याच्या घरासाठी ज्याने दलाल नेमला त्यानेच त्याची दलाली द्यावयाची असते.

खर्चाचा अंदाज बांधताना एक आकडा उपयोगी पडेल. सप्टेंबर २०२४ पासून विद्यापीठात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो, आपल्या नावे राखून ठेवल्याचे दाखवावे अशी अट झाली. ह्या रकमेत भाडे, जेवण, आरोग्यविमा, प्रवास सारे बसवायचे. म्युनिकसारख्या शहरात निम्म्याहून अधिक रक्कम भाड्यातच जाते. पूर्वेकडील केम्निट्झसारख्या शहरात तेच भाडे कितीतरी कमी असते. मान्यताप्राप्त परीक्षेचे प्रमाणपत्र कोणत्याही शहरात मिळवले, तरी त्याचे मोल सारखेच. म्हणून केवळ नावाजलेल्या शहराचा आग्रह धरू नये.

न पाहिलेल्या खोलीसाठी पैसे नकोत

फसवणुकीची एक ठरलेली रीत आहे. सुंदर सजवलेली खोली, शहराच्या मध्यभागी आणि भाडे अगदी माफक. मालक सांगतो, ‘मी सध्या परदेशी आहे, अनामत पाठवा, किल्ल्या कुरिअरने पाठवतो.’ विश्वास बसावा म्हणून कोणाच्या तरी पासपोर्टचे छायाचित्रही पाठवले जाते. पैसे जातात, किल्ल्या येत नाहीत. ही रक्कम अनेकदा आईने गहाण ठेवलेल्या दागिन्यांची किंवा वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतली असते. म्हणून खोली पाहण्यापूर्वी आणि करारावर सही होण्यापूर्वी खाजगी व्यक्तीला एकही युरो पाठवू नये. पाहायला आपल्याला जाता येत नसेल, तर तेथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला पाठवावे.

घर हीच दुसरी शाळा

आता शेवटचा आणि कदाचित सर्वांत नाजूक मुद्दा. आपल्याच माणसांबरोबर राहण्याची ओढ स्वाभाविक आहे. परक्या देशात मराठीत बोलायला आणि वरण-भाताला कोणी सोबत असले, तर मनाला आधार वाटतो. पहिल्या काही आठवड्यांत हा आधार मोलाचाही आहे. परंतु वर्गातले चार तास जर्मन आणि उरलेले वीस तास मराठी अशी विभागणी झाली, तर वर्षाअखेरीस प्रमाणपत्र हाती येईल, जीभ मात्र वळणार नाही. कचऱ्याचे वर्गीकरण, रात्री दहानंतरची शांतता, श्टुटगार्टकडील जिना झाडण्याची साप्ताहिक पाळी ह्या गोष्टी सहनिवाशांकडून शिकताना जी भाषा अंगवळणी पडते, ती पुस्तकात नसते.

घरापासून दूर आलेल्या तरुणांना नुसती खाट पुरत नाही, सोबतही लागते, हे फादर आडोल्फ कोल्पिंग (१८१३-१८६५) ह्यांनी ओळखले होते. स्वतः चांभारकाम करून पुढे धर्मगुरू झालेल्या ह्या माणसाने १८४९ साली कोलोन येथे फिरत्या कारागीर तरुणांसाठी संघ स्थापन केला व त्यांच्यासाठी निवासगृहे उभी राहिली. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २७ ऑक्टोबर १९९१ रोजी त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. आजही जर्मनीतील अनेक शहरांत कोल्पिंग ह्यांच्या नावाची युवानिवासे आहेत. तेथे मुख्यतः व्यवसाय-प्रशिक्षण घेणाऱ्यांना जागा दिली जाते, त्यामुळे भाषेनंतर प्रशिक्षणाकडे वळणाऱ्यांनी त्यांची चौकशी जरूर करावी.

पालकांना एवढीच विनंती, की मुलाला निरोप देण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारा. पहिल्या महिन्याचा पत्ता कागदावर आहे का? त्या पत्त्यावर नोंदणी होईल का? आणि त्या घरात तू कोणत्या भाषेत बोलशील? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे तयार असतील, तरच तिकीट काढावे.