वसुलीस आलेला मनुष्य आणि शेतकऱ्याचा हक्क

कर्ज काढण्यात कमीपणा नाही आणि काढलेले कर्ज फेडणे हे कर्तव्यच आहे. परंतु दारी येऊन पैसे मागणारा प्रत्येक मनुष्य खरा धनको असतोच असे नाही. आणि खऱ्या धनकोसही वाटेल त्या रीतीने वसुली करण्याची मुभा कायद्याने दिलेली नाही. या दोन गोष्टी ज्याच्या मनात पक्क्या ठसल्या, त्यास धाकदपटशाने नाडणे कठीण जाते.

आपल्या पुणे जिल्ह्यास हा धडा फार महाग पडला आहे. मुठेवर खडकवासल्याचे धरण बांधले जात होते त्याच दशकात, म्हणजे १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. तेथून हे दंगे पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरले. लोकांचा रोख मुख्यत्वे कागदांवर होता. रोखे व हुकूमनामे हाती लागतील तेथे त्यांनी जाळून टाकले. अंगठा कशावर उमटला हे कुळास ठाऊक नसे, दिलेल्या पैशाची पावती मिळत नसे आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाई. पुढे चौकशी होऊन १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा झाला. रोख्यामागील मूळ व्यवहार न्यायालयाने तपासावा, मागितल्यास पावती द्यावी, पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैदेत टाकू नये, असे त्यात ठरले. तो कायदा आता इतिहासजमा झाला. परंतु कागद, हिशेब व पावती या तीन गोष्टींचे महत्त्व आजही तेवढेच आहे.

प्रथम खासगी सावकाराचा विचार करू. आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा असून त्यास कैदेची शिक्षा आहे. शेतकऱ्यास दिलेल्या कर्जावर तारण असल्यास सालीना शेकडा ९ आणि तारण नसल्यास शेकडा १२, असे व्याजाचे कमाल दर शासनाने २०१४ साली ठरवून दिले. ‘दरमहा शेकडा तीन’ हा आकडा कानास लहान लागतो. परंतु एक लाखावर त्याचे वर्षाचे व्याज ३६,००० रुपये होते, आणि शेकडा १२ ने १२,००० रुपयेच होते. शिवाय मुद्दलापेक्षा अधिक रक्कम व्याज म्हणून वसूल करता येत नाही. हा आपला जुना दामदुपटीचा नियमच होय.

खडकवासला २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आला. शहरालगतच्या जमिनीस मोल फार. म्हणून लहान कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत लिहून देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ‘पैसे फेडले की जमीन परत’ हे तोंडी वचन दस्तात कोठेही नसते. बेकायदा सावकारीत जमीन अशी गेली असल्यास जिल्हा निबंधकाकडे अर्ज करावा. चौकशीअंती ती परत देण्याचा आदेश त्यांस काढता येतो. मात्र त्यास मुदत आहे, म्हणून विलंब करू नये.

आता बँका व वित्तसंस्था यांच्या वसुली प्रतिनिधींविषयी. त्याच्यापाशी ओळखपत्र व संस्थेचे अधिकारपत्र असले पाहिजे; ते मागण्यात संकोच कसला? रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेनुसार सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी दूरध्वनी करता येत नाही; शिवीगाळ, धमकी, चारचौघांत मानहानी किंवा नातलगांस उपद्रव देण्यासही मनाई आहे. तक्रार प्रथम त्या संस्थेकडे लेखी द्यावी. ३० दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

‘तुमच्या नावे अटकेचे वॉरंट निघाले आहे, आत्ताच पैसे पाठवा’ असे सांगणारा बहुधा भामटा समजावा. कर्ज थकले एवढ्यावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही. मात्र दिलेला धनादेश न वटणे हा गुन्हा ठरू शकतो; म्हणून सही केलेला कोरा धनादेश कोणाच्याही हाती देऊ नये. पैसे पाठवून फसगत झालीच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

जप्ती हे प्रतिनिधीचे काम नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वये शेतकऱ्याची औते, शेतीस लागणारे बैल, बियाणे व तो राहत असलेले घर यांस जप्तीपासून संरक्षण आहे. स्वतः गहाण टाकलेल्या मालमत्तेची गोष्ट निराळी. तसेच आपल्या विविध कार्यकारी सोसायटीची नोटीस आल्यास ती उपेक्षू नये. कलम १०१ खालील वसुली दाखला हा कायदेशीर दस्त आहे. त्यास मुदतीत लेखी उत्तर देणेच हिताचे.

तेव्हा शेतकरीबंधूंनी एवढे करावे: कर्जाची एक वही घरात ठेवावी, रक्कम शक्यतो संस्थेच्या खात्यातच भरावी, प्रत्येक हप्त्याची पावती त्याच दिवशी वहीस लावावी, आणि न वाचलेल्या कागदावर सही करू नये. खरे देणे असेल ते बुडवू नये. खोटे मागणे असेल त्यास एक पैही देऊ नये.