हरवलेल्या आवाजांचा शोध : डेमेट्रिओ स्ट्राटोस

पाळण्यांतलें मूल आपल्याशींच नाना तऱ्हेचे आवाज काढीत पडलेलें असतें, हें आपण सर्वांनीं ऐकलें आहे. तें घुमतें, किंचाळतें, ओठांनीं फुरफुरतें. त्यांत अर्थ शोधण्याच्या खटपटीस कोणी लागत नाहीं. पुढें तें बोलूं लागतें, घरांत आनंदीआनंद होतो, आणि तें जुनें घुमणें कोठें गेलें हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. ज्याला तें सुचलें, अशा एका गायकाची ओळख आज श्रोत्यांना करून द्यावयाची आहे.

त्याचें नांव डेमेट्रिओ स्ट्राटोस. इटलीच्या संगीतांत तो नांवारूपास आला, पण जन्मानें तो इटालियन नव्हता. २२ एप्रिल १९४५ रोजीं इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथें एका ग्रीक कुटुंबांत तो जन्मला. ग्रीक चर्चमधील प्राचीन स्तोत्रगायन आणि गांवांतलें अरबी संगीत हीं दोन्ही लहानपणींच त्याच्या कानीं पडलीं. पियानो व अकॉर्डियन हीं वाद्येंही तो तेथेंच शिकला. १९५७ सालीं त्याला सायप्रसला जावें लागलें, आणि १९६२ सालीं वास्तुशास्त्राच्या अभ्यासासाठीं तो मिलान शहरीं आला. वास्तुशास्त्र मागें पडलें. ‘ई रिबेल्ली’, म्हणजे ‘बंडखोर’, नांवाच्या वाद्यवृंदांत तो गाऊं लागला, आणि १९६७ सालीं ‘मिटलेल्या मुठी’ अशा अर्थाचें त्याचें गाणें इटलींत लोकप्रिय झालें. याच वाटेनें तो चालता, तर कीर्ति व पैसा यांस उणें पडतें ना. पण १९७० च्या सुमारास त्यानें ती वाट सोडली.

त्याच वर्षीं त्याला मुलगी झाली होती. तिचे बोबडे आवाज ऐकतां ऐकतां त्याच्या मनांत एक विचार रुजला : मूल शब्द कमावतें तें आवाज गमावून. कंठाचें अफाट सामर्थ्य भाषेच्या चार नियमांत कोंडलें जातें, आणि गवई त्या कोंडवाड्यालाच गायनाची सीमा समजतो.

हा विचार प्रयोगांत उतरविण्यास त्याला योग्य सोबती मिळाले. लोकप्रिय रॉक संगीताला पाश्चात्य अभिजात संगीताची व जाझची जोड देऊन दीर्घ, गुंतागुंतीच्या रचना करावयाच्या, या पद्धतीस ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. इंग्लंडांत उगम पावलेला हा प्रवाह १९७० नंतर इटलींत जोमानें वाहूं लागला. १९७२ सालीं स्ट्राटोस व तबकवादक नव्हे, तर ड्रमवादक असलेला जूलिओ कापिओत्सो यांनीं ‘आरेआ’ हा संच उभा केला. १९७३ सालच्या त्यांच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेला नाझी छळछावण्यांच्या दारावरील ‘श्रमानें मुक्ति मिळते’ हें कुप्रसिद्ध जर्मन वाक्य नांव म्हणून दिलेलें होतें. उपरोध उघड होता. बाल्कन लोकनृत्यांचे विषम मात्रांचे ताल, जाझ आणि विद्युत्-वाद्यांचा कल्लोळ यांतून स्ट्राटोसचा आवाज एखाद्या वाद्यासारखा वर उसळे.

त्याचें खरें संशोधन मात्र एकट्या कंठाचें होतें. आपण बोलतों तेव्हां श्वासाच्या जोरानें स्वरतंतु कंप पावतात. त्यांतून एक मूळ स्वर निघतो व त्याबरोबर अनेक सूक्ष्म उपस्वर निघतात. जीभ व मुखपोकळी यांचा आकार नेमका साधला, तर त्यांपैकीं एखादा उपस्वर इतका बळावतो कीं, एकाच कंठांतून दोन स्वर स्पष्ट ऐकूं येतात. मंगोलियांतील गायकांची ही परंपरागत विद्या आहे. स्ट्राटोसनें आशियांतील असे गायनप्रकार अभ्यासिले आणि त्यांच्याही पलीकडे पाऊल टाकलें. अमेरिकन संगीतकार जॉन केज याची एक रचना त्यानें १९७४ सालीं गाइली. तिच्यांत सूर लिहिलेले नाहींत; लहानमोठ्या, निरनिराळ्या वळणांच्या ठशांनीं छापलेलीं अक्षरें तेवढीं आहेत, आणि त्यांवरून आवाज कसा लावावा हें गायकानें ठरवावयाचें. १९७६ व १९७८ सालीं त्याच्या एकट्याच्या आवाजाच्या दोन मुद्रिका निघाल्या. त्यांपैकीं दुसरीचें नांव ‘आवाज गाणें’ अशा अर्थाचें आहे : गाणें शब्दांचें नव्हे, आवाजाचेंच. पादुआ येथील ध्वनिशास्त्रज्ञांनीं त्याचा कंठ यंत्रांनीं तपासला. त्यांचा निबंध १९८० सालीं प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास स्ट्राटोस उरला नव्हता.

१९७९ च्या वसंतांत त्याला ॲप्लास्टिक ॲनिमियानें ग्रासलें. या रोगांत हाडांतील मगज नवें रक्त निर्माण करीनासा होतो. उपचारांसाठीं त्याला न्यूयॉर्कला नेलें. खर्च मोठा होता. म्हणून मिलानच्या संगीतकारांनीं १४ जून रोजीं तेथील क्रीडांगणावर मदतीचा जलसा ठरविला. १३ जूनलाच स्ट्राटोस वारला. वय अवघें ३४ वर्षांचें. जलसा ठरल्या दिवशींच झाला. सुमारें ६०,००० लोक जमल्याचें सांगतात. मदतीसाठीं जमलेला तो समुदाय श्रद्धांजलीचा समुदाय झाला.

त्याचे विचित्र चीत्कार प्रथम ऐकणाऱ्यास हें गाणें कीं काय, असा प्रश्न पडेल. त्यास उत्तर देण्याची घाई करूं नये. घरांत तान्हें मूल असेल, तर आज रात्रीं तें निजण्यापूर्वीं काय म्हणतें तिकडे घटकाभर कान द्यावा. स्ट्राटोसची सुरुवात तेथूनच झाली होती.