निकाल का रखडतात?

विद्यापीठाचा निकाल रखडला, की त्याचे खापर बहुधा प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांच्या माथी फुटते. परंतु कर्मचाऱ्याची कार्यक्षमता केवळ त्याच्या वृत्तीवर अवलंबून नसते. हाती दिलेली साधने, मिळालेले प्रशिक्षण आणि कामासाठी असलेला अवधी यांवरही ती ठरते. मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये झालेला निकालांचा गोंधळ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावणे राज्यातील विद्यापीठांवर कायद्याने बंधनकारक आहे. त्या वर्षीच्या उन्हाळी सत्रात विद्यापीठाने सर्वच शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. परीक्षा होत्या ४७७ आणि उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख. बेरजेतील चुका टळाव्यात आणि गैरप्रकारांना आळा बसावा, हा हेतू योग्यच होता.

मात्र ही पद्धत साखळीसारखी चालते. उत्तरपत्रिकेचे प्रत्येक पान स्कॅन करायचे, ते सर्व्हरवर चढवायचे आणि मग ती उत्तरपत्रिका त्या विषयाच्या परीक्षकाच्या पडद्यावर पोहोचवायची. यातील एक कडी अडली, की पुढचा माणूस रिकामा बसतो. स्कॅनिंग रेंगाळले, सर्व्हर अडखळला किंवा भलत्याच विषयाची उत्तरपत्रिका समोर आली, तर अनुभवी परीक्षकाचाही हात थांबतो. नेमके तेच घडले. तत्कालीन राज्यपाल व कुलपती चे. विद्यासागर राव यांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला आणि पुढील शिक्षणाचे प्रवेश घेऊ पाहणारे विद्यार्थी टांगणीला लागले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे मार्गदर्शक ठरतो. कामाची स्थिती, देखरेख, संस्थेचे धोरण आणि वेतन चांगले असले, म्हणून माणूस झपाटून काम करतोच असे नाही; पण ते वाईट असल्यास असमाधान मात्र वाढते. खरी प्रेरणा कामातील यश, जबाबदारी आणि मिळणारी दाद यांतून येते. साधनेच दगा देत असतील, तर यशाचा अनुभव येणार कोठून?

म्हणूनच नोटिसा आणि तगादा हा यावरचा उपाय नव्हे. नवी पद्धत आधी मोजक्या विषयांपुरती राबवून पाहणे, परीक्षेपूर्वीच प्रशिक्षण देणे आणि तपासणी केंद्रावर तांत्रिक मदत उपलब्ध ठेवणे, ही प्रशासनाची जबाबदारी आहे. ती टाळली गेली, तर तिची किंमत अखेर विद्यार्थ्यांनाच मोजावी लागते.