पत्त्याचे बलाबल

पिंपरी, भोसरी, चाकण या औद्योगिक पट्ट्यातील शाळांत मुलाच्या दप्तरात खेळाचे चित्रमय पत्ते सापडले, की ते काढून घेण्याकडे शिक्षकांचा साहजिक कल असतो. अदलाबदलीवरून भांडणे होतात, लहान मुले फसतात, हे खरेच आहे. परंतु पत्ते काढून घेतल्याने फसणाऱ्या मुलास पारख येत नाही. यास्तव पत्त्याचे बलाबल कसे ठरते, हे शिक्षकांनी समजून घेणे इष्ट होय.

१९९६ साली जपानमध्ये सुरू झालेल्या पोकेमॉनच्या पत्त्यांचे उदाहरण घ्यावे. या खेळात प्रत्येकाजवळ ६० पत्त्यांचा संच असतो. प्राण्याच्या पत्त्यावर त्याची जीवनशक्ती, हल्ल्याचे बळ, त्यास लागणारी ऊर्जा, दुर्बलता व माघारीची किंमत दिलेली असते. मुलांची नजर सर्वांत मोठ्या आकड्यावर खिळते आणि तेथेच चूक होते.

समजा, एका पत्त्याचा हल्ला १२० चा आहे, पण त्यास ४ ऊर्जापत्ते लागतात. दुसऱ्याचा हल्ला ५० चाच, पण त्यास १ पुरतो. सामान्य नियमानुसार एका पाळीत हातातील एकच ऊर्जापत्ता लावता येतो. पहिल्या पाळीपासून हल्ल्याची मुभा धरली, तर चौथ्या पाळीअखेर पहिल्याचे १२० व दुसऱ्याचे २०० भरतात. सहाव्या पाळीअखेर मात्र पहिल्याचे ३६० व दुसऱ्याचे ३०० होतात. म्हणजे डाव लवकर संपणार असेल तर दुसरा पत्ता सरस, लांबणार असेल तर पहिला. शिवाय प्रतिपक्षाची दुर्बलता नेमकी जुळली, तर ५० चा हल्ला दुप्पट होऊन १०० चा होतो.

तिसरी गोष्ट दुर्मिळतेची. पुष्कळ पत्त्यांवर वर्तुळ, चौकट वा तारा अशी खूण असते. तारा हा दुर्मिळतेचा दर्शक आहे, सामर्थ्याचा नव्हे. चकाकणाऱ्या पत्त्यासाठी उपयुक्त पत्ते देऊन टाकणारे मूल फसते ते येथेच.

ही दृष्टी महाराष्ट्रास नवी नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १० रंगांचे प्रत्येकी १२, असे १२० पत्ते असतात. त्यांतील निम्म्या रंगांत राजा व प्रधान यांच्याखालोखाल दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ. एकच आकडा एका रंगात बलवान व दुसऱ्यात दुबळा ठरतो.

वर्गात याचा उपयोग सहज करता येईल. मुलांनी पुठ्ठ्याचे पत्ते करून त्यांवर परिसरातील वाहने काढावीत: सायकल, दुचाकी, टेम्पो, मालमोटार. प्रत्येकावर एक गुण व एक उणीव लिहावी. चाकणच्या बाजारात कांदा न्यावयाचा तर मालमोटार सरस. अरुंद बोळातून औषध आणावयाचे तर सायकल सरस. पत्त्यांची अदलाबदल करण्यापूर्वी दोघांनीही दोन्ही पत्त्यांचे गुण व उणिवा बोलून दाखवाव्यात, विचार बदलल्यास दुसऱ्या दिवशी पत्ता परत मिळावा व पैशाची पैज मुळीच नसावी, एवढे नियम पुरेत.

काम कोणते, हे विचारल्यावाचून बळ ठरत नाही, एवढे मुलाच्या ध्यानी आले, तर पुढे बाजारातही ते सहसा फसणार नाही.