भागाकाराने कॉइलची चूक जात नाही

"वरही तीच चूक, खालीही तीच, भागाकार केला की उडून जाते." फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीत हे वाक्य मी विद्यार्थ्यांकडून ऐकतो आणि अनुभवी मंडळींकडूनही. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच हटत नाही.

आधी हा भागाकार कशाचा, ते पाहू. एमआर स्कॅनरमध्ये फॉस्फरस-31 चा स्पेक्ट्रम घेतला की फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी यांची शिखरं वेगवेगळी दिसतात. निरोगी हृदयात पहिल्याचं दुसऱ्याशी प्रमाण 2 च्या आसपास असतं. नॉयबाउअर आणि सहकाऱ्यांनी 1997 साली 'सर्क्युलेशन'मध्ये डायलेटेड कार्डिओमायोपथीच्या 39 रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात हे प्रमाण 1.6 च्या खाली असलेल्यांमध्ये मृत्यू जास्त होते. एवढ्याशा फरकावर इतकं काही अवलंबून असताना मोजमापात ढिलाई परवडत नाही.

मोजमाप बहुधा छातीवर ठेवलेल्या सरफेस कॉइलने होतं. तिचं रेडिओ क्षेत्र त्वचेजवळ जोरदार आणि आत जाल तसं क्षीण. ही कॉइल दोन कामं करते. सिग्नल टिपताना ती एका व्हॉक्सेलमधल्या, म्हणजे मोजमापाच्या एका घन तुकड्यातल्या, दोन्ही रेणूंना सारखाच न्याय देते. ती असमानता भागाकारात खरोखर उडते. पण पल्स पाठवताना तेच क्षेत्र फ्लिप अँगल, म्हणजे पल्सने चुंबकत्व किती अंशांनी कलतं ते, ठरवतं, आणि पल्सनंतर पूर्ववत व्हायला दोन्ही रेणूंना सारखा वेळ लागत नाही. इथे भागाकार हात टेकतो.

आकडेच घ्या. समजा, फॉस्फोक्रिएटिनचा टी-वन, म्हणजे पूर्ववत होण्याचा कालमापक, 4 सेकंद, एटीपीचा 2 सेकंद, पल्स दर सेकंदाला एक, आणि खरं गुणोत्तर 2. फ्लिप अँगल 30 अंश मिळाला तर स्पेक्ट्रममध्ये 1.64 दिसेल. 60 अंशाला 1.28. 90 अंशाला 1.12. हृदय तेच, पेशी त्याच. बदललं ते फक्त कॉइलपासूनचं अंतर. सगळ्या व्हॉक्सेलना एकच दुरुस्ती-गुणक लावणारा माणूस जाड छातीच्या आणि सडपातळ रुग्णांची तुलना करतो तेव्हा तो आजार मोजत नसतो, चरबीचा थर मोजत असतो.

दोन पल्समध्ये 20 सेकंद थांबलं, तर मात्र सुरुवातीचं ते वाक्य खरं ठरतं. पण व्हॉक्सेलच्या 8×8×8 जाळ्याला 512 पल्स लागतात, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडा जास्तच वेळ. आजारी माणसाला तेवढा वेळ स्कॅनरमध्ये ठेवणार कोण?

म्हणून प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये खरा फ्लिप अँगल किती, हे शोधावं लागतं. कॉइलवर खुणेच्या गोळ्या बसवून तिची जागा प्रतिमेत पकडायची आणि बायो-सावार नियमाने क्षेत्र काढायचं, हा एक मार्ग. दुसरा ब्लॉख-सीगर्ट पद्धतीचा: अनुनादापासून दूरच्या वारंवारतेची पल्स दिली की सिग्नलची फेज क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात सरकते, आणि त्यावरून क्षेत्र थेट मोजता येतं. सॅकोलिक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ती एमआर प्रतिमांसाठी मांडली. पुढे फॉस्फरससाठीही वापरली गेली. मग प्रत्येक रेणूची दुरुस्ती त्याच्या स्वतःच्या टी-वनने करायची.

अशीच आणखी काही वाक्यं कानावर येतात. "पाण्यावरून काढलेला क्षेत्राचा नकाशा फॉस्फरसला चालतो." नाही चालत. 7 टेस्लाला पाण्याचे प्रोटॉन सुमारे 298 मेगाहर्ट्झवर बोलतात, फॉस्फरस 120 वर, आणि बहुतेकदा कॉइलही निराळी असते.

"अ‍ॅडियाबॅटिक पल्स वापरली की झालं." क्षेत्र असमान असलं तरी ती सारखाच कोन देते खरी, पण तिला किमान तीव्रता लागते. ती जिथे पोचत नाही तिथे कोन पुन्हा चुकतो; शक्ती वाढवत न्यावी तर ऊती तापण्याची मर्यादा आड येते.

"यकृताच्या स्पेक्ट्रममध्ये फॉस्फोक्रिएटिन दिसलं, म्हणजे यकृतात ते आहे." यकृतात ते जवळजवळ नसतंच. दिसतं ते कॉइलला लागून असलेल्या पोटाच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंमधून झिरपलेलं.